पंप कपाटात, भांडण सिरपचं

सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये छिंदवाड्याकडे खोकल्याचं सिरप पिऊन लहान मुलं दगावली. सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघालं. तेव्हापासून सांगलीला फोन लावला की घरात दोन पक्ष. एक म्हणतो, सगळी सिरपं बंद करा. दुसरा म्हणतो, आम्ही त्याच्यावरच वाढलो, काय झालं आम्हाला? दोन वर्षांखालच्या पोरांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नका, असं केंद्राने सांगितलं ते बरंच झालं. इथे ब्रिटनमध्ये दुकानात सहज मिळणारी असली औषधं सहा वर्षांखालच्यांना द्यायची नाहीत, हे २००९ मध्येच ठरलं. पण औषध ज्याच्या पोटात जायचं त्याच्याशी कुणी बोलतं का, हा विषय दोन्ही पक्षांच्या गावी नाही.

माझ्या भाचीला दमा आहे. गळीत हंगामात शिवारात पाचट पेटलं की तिची छाती वाजायला लागते. डॉक्टरांनी पंप, म्हणजे इनहेलर दिलाय, तो कपाटात साड्यांखाली. 'पंपाची सवय लागते', 'उद्या लग्नाच्या वेळी कळलं तर?' हे सगळं तिच्यादेखत चालतं. धाप लागल्यावर घ्यायचा पंप वेगळा आणि बरं वाटत असतानाही रोज घ्यायचा वेगळा, एवढं मात्र तिला कुणी सांगितलेलं नाही.

माझ्या मुलाच्या वेळी इथल्या नर्सबाईंनी माझ्याकडे बघितलंही नाही. त्यालाच म्हणाल्या, "कसा घेतोस, दाखव बघू." पंप हलवला, स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) तोंडाला लावला, एक फवारा, सावकाश पाच श्वास. त्याच्या ओठांच्या कडेने हवा जात होती, ती त्यांनी दाखवून दिली. मग दुसरा फवारा. इथल्या शाळांनाही अडीअडचणीसाठी स्वतःचा पंप ठेवायची मुभा २०१४ पासून आहे.

इकडे सगळं सोनंच आहे असं नाही हं. मिरजेत रात्री नऊला डॉक्टर भेटतात, इथे सकाळी आठला फोन धरून बसायचं.

"अगं ताई, डॉक्टरांना वेळ कुठाय?" असं भाऊ म्हणतो. खरंय. मग मेडिकलवाल्याने बोलावं. पेशंटला औषध समजावून सांगणं फार्मासिस्टच्या कामातच धरलंय, २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत. आमच्याकडे फार्मासिस्टचं प्रमाणपत्र भिंतीवर असतं आणि काउंटरला दुसराच कुणीतरी. तो म्हणणार, "एक चमचा द्या." कुठला, चहाचा की पोह्याचा? पॅरासिटामॉल सिरपच्या पाच मिलीत कधी १२० मिलिग्रॅम असतं, कधी २५०. बाळाच्या थेंबांच्या बाटलीत तर एकाच मिलीत १००. चमच्यापेक्षा मिलीच्या खुणांची सिरिंज मागून घ्यावी.

वहिनीला एवढंच सांगितलंय, पुढच्या वेळी डॉक्टरांकडे पंप पोरीच्या हातात देऊन ने आणि तिलाच घेऊन दाखवू दे. लग्नाचं नंतर बघू, ती अजून चौथीत आहे.