स्वस्त टायर मागे चालेल, पुढच्या चाकाला हात आखडू नका

स्वस्तातला टायर रोजच्या दुचाकीला पुरतो का? पावसाळा तोंडावर आला की साताऱ्यात टायरच्या दुकानात हा प्रश्न हमखास ऐकू येतो. माझं उत्तर असं आहे: पुरतो, पण मागच्या चाकाला. १००-१२५ सीसीची गाडी, कोरेगाव ते सातारा किंवा गोडोली ते एमआयडीसी असं रोजचं जाणं-येणं, वेग ५०-६०. एवढ्या कामाला नावाजलेल्या कंपनीचा सगळ्यांत साधा टायर मागे बिनघोर टाका. पुढच्या चाकाला मात्र चार-पाचशे रुपये जास्त घाला. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. मागचा लवकर झिजतो म्हणून चांगला टायर मागे बसतो आणि पुढे मूळचाच, कडक झालेला टायर वर्षानुवर्षं फिरत राहतो. काही जण तर मागचा अर्धा झिजलेला टायर काढून पुढे चढवतात. याच्याइतकी महागात पडणारी बचत दुसरी नाही.

आधी स्वस्त म्हणजे काय ते बघू. एमआरएफ, सिएट, टीव्हीएस युरोग्रिप, अपोलो, जेके, राल्को यांचे साधे, जास्त किलोमीटर देणारे टायर हा एक प्रकार. नाव कधी न ऐकलेला, त्याहून दोन-तीनशे रुपयांनी कमी असलेला टायर हा दुसरा. रिमोल्ड, म्हणजे जुन्या टायरवर नवं रबर चढवलेला, आणि वापरलेला टायर हा तिसरा, आणि तो दुचाकीला नकोच, त्यावर चर्चाही नको. दुसऱ्या प्रकाराबद्दल सांगतात की "आयएसआय आहे ना, मग काय?" आयएसआय असणारच. आपल्याकडे दुचाकीच्या टायरला तो सक्तीचा आहे, टायरच्या बाजूवर शिक्क्यासोबत आयएस १५६२७ असा आकडा उठवलेला असतो. तो नसेल तर टायर हातातही धरू नका. पण त्या शिक्क्याचा अर्थ एवढाच की टायर लिहिलेला भार आणि वेग सोसेल. ओल्या डांबरावर तो किती धरेल, हे शिक्का सांगत नाही. ते सांगतं रबर.

टायरचं रबर कडक ठेवलं तर तो जास्त किलोमीटर जातो, मऊ ठेवलं तर रस्ता चांगला धरतो. दोन्ही एकाच टायरात मिळवायचं तर रबरात सिलिका आणि चांगलं मिश्रण लागतं, आणि तिथे किंमत वाढते. स्वस्त टायर बनवताना कंपनी साहजिकच कडक रबराकडे झुकते, कारण गिऱ्हाईक विचारतं तेही "किती किलोमीटर जाईल?" एवढंच. कोरड्या रस्त्यावर ५० च्या वेगात हा फरक कळतही नाही. तो कळतो यवतेश्वरच्या घाटात ऑगस्टमध्ये, झाडांच्या सावलीतल्या शेवाळलेल्या वळणावर. आणि कारखाने सुरू झाले की उसाच्या ट्रॉल्या शेतातली काळी माती चाकांबरोबर डांबरावर आणून टाकतात, तिच्यावर सकाळचं दव पडतं, तिथे. अशा चिखलावर महागडा टायरही घसरतो हे खरं. पण चिखल संपून ओलं डांबर लागल्यावर मऊ रबर लगेच धरतं आणि कडक रबर अजून दोन-चार फूट घसरत राहतं. तेवढ्यात काय व्हायचं ते होऊन जातं.

यातून एक गैरसमज पक्का झालाय, की नक्षी आहे म्हणजे टायर चांगला आहे. नक्षीच्या खाचा पाणी बाहेर काढतात. साठलेल्या पाण्यात आणि मातीत त्यांचा उपयोग आहेच. पण ५०-६० च्या वेगात ओल्या डांबराला धरून ठेवण्याचं काम मुख्यतः रबराचं. कडक रबराचा पुढचा टायर इतका हळू झिजतो की नक्षी संपायच्या आधी रबरच म्हातारं होतं. ऊन, ओझोन, हवा यांनी ते आणखी कडक होतं. खाचांच्या तळाशी आणि बाजूला केसासारख्या बारीक भेगा दिसायला लागतात. नखाने दाबून बघा. चांगलं रबर किंचित दबतं आणि परत वर येतं, मेलेल्या रबरावर नख नुसतं सरकतं. असा टायर दिसायला अर्धा शिल्लक असतो आणि लोक त्यावर अजून तीन पावसाळे काढतात. पाच वर्षं झाली की नक्षी कितीही असो, दरवर्षी असं तपासा. भेगा दिसल्या की काढून टाका.

टायरचं वय बाजूवरच लिहिलेलं असतं. लंबगोल चौकटीत चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३२२४ म्हणजे २०२४ सालचा ३२ वा आठवडा. दुकानात टायर घेताना हे आधी बघा, भाव नंतर विचारा. "स्पेशल ऑफर"मधला टायर कधी कधी दोन-तीन वर्षं माळ्यावर पडून असतो. सहा-आठ महिन्यांपर्यंतचा असेल तर मनात काही न आणता घ्या. दोन वर्षांपुढचा असेल तर नम्रपणे परत द्या. दुकानदार ओळखीचा असला तरीही.

आता भाराचा आकडा. इथे स्वस्त-महाग या वादापेक्षा मोठी चूक होते. स्प्लेंडर प्लसला पुढे-मागे एकाच साइजचा टायर येतो, ८०/१००-१८. पण पुढच्यावर ४७पी असतं आणि मागच्यावर ५४पी. ४७ म्हणजे १७५ किलोपर्यंत भार, ५४ म्हणजे २१२ किलो. पी हे अक्षर वेगाचं, ताशी १५० पर्यंत. घाईत "साइज तीच आहे" म्हणून ४७ चा टायर मागे बसवला जातो. एकटा माणूस चालवत असेल तर निभतं. आता दूध घालायला येणाऱ्या गाडीचा हिशोब करा. गाडी ११२ किलो, माणूस ७०, मागे दोन बाजूंना ४० लिटरचे दोन कॅन. दूधच ८० किलोच्या वर गेलं, शिवाय कॅनचं वजन. कॅन मागच्या चाकाच्या अंगावरच असल्याने त्यांचा जवळजवळ सगळा भार मागे पडतो, त्यात गाडीचा आणि माणसाचा निम्म्याहून जास्त. मागच्या चाकावर १९०-२०० किलो सहज येतात. ४७ चा टायर तिथे रोज मर्यादेबाहेर चालतो, आतला नायलॉनचा धागा गरम होऊन सैल होतो आणि एक दिवस बाजूला फुगवटा येतो. मग म्हणायचं, स्वस्त टायर फसवा निघाला! टायर ठीक होता, जागा चुकली. डबलसीट आणि मागे पोतं, भाजीची क्रेट, गॅसची टाकी हे रोजचं असेल तर मागच्या टायरचा भाराचा आकडा कंपनीने दिलाय त्याच्या खाली कधीच नको.

पुढच्या चाकाबद्दल मी आग्रह का धरतो? ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे झुकतं आणि थांबवण्याचं जास्तीचं काम पुढचा टायर करतो. मागचं चाक घसरलं तर गाडी शेपूट हलवते, पण बऱ्याचदा सावरता येते. पुढचं घसरलं तर हँडल हातातून जातं आणि माणूस खाली. "मी पुढचा ब्रेक मारतच नाही" असं सांगणारे खूप भेटतात. एप्रिल २०१९ नंतरच्या १२५ सीसीपर्यंतच्या बहुतेक गाड्यांना सीबीएस आहे, म्हणजे पायाचा ब्रेक दाबला तरी पुढचाही थोडा लागतोच. एबीएस या गाड्यांना सहसा नसतो. चाक लॉक होण्यापासून वाचवणारी यंत्रणा नाही, तर रबर तरी चांगलं असू द्या.

आणि पैशाचा हिशोबही पुढच्या चाकाच्याच बाजूने आहे. पुढचा टायर मागच्यापेक्षा बराच जास्त टिकतो. ३५,००० किलोमीटर धरा. रोजचं ४० किलोमीटर जाणं-येणं म्हणजे वर्षाला साधारण १२,०००, तीन वर्षं झाली. जास्तीचे ५०० रुपये या तीन वर्षांवर वाटले तर दिवसाला ५० पैसेसुद्धा पडत नाहीत. मागे तेच ५०० रुपये घातले तर मऊ टायर लवकर संपून ते आधीच उडतात. म्हणून मागे कडक आणि टिकाऊ, पुढे मऊ आणि धरणारा. दोन वेगळ्या कंपन्यांचे टायर पुढे-मागे चालतात. साइज, भार आणि प्रकार गाडीच्या पुस्तकाप्रमाणे असला की झालं.

रुंद टायरचा मोह टाळा. स्प्लेंडर-शाइनच्या अरुंद रिमवर १०० मिलिमीटर रुंदीचा टायर कोंबला की कडा आत ओढल्या जातात, मधला भाग टोकदार होतो आणि रस्त्याला टेकणारा भाग वाढायच्या ऐवजी बिघडतो. ॲव्हरेज पडतं ते वेगळंच. बटण टायर, म्हणजे सुट्या जाड ठोकळ्यांच्या नक्षीचा, शेताच्या रस्त्याला ठीक. रोज डांबरावर, त्यातही पावसात चालवायचं असेल तर नको, कारण बटणांमधली जागा रस्त्याला टेकतच नाही.

मॅगव्हील, म्हणजे बिनस्पोकचं ओतीव चाक, असेल आणि त्याची रिम ट्यूबलेसला चालणारी असेल तर ट्यूबलेसच घ्या. माण-खटावकडे जाणं असणाऱ्यांना तर दुसरा पर्यायच नाही. बाभळीचा काटा ट्यूबच्या टायरात घुसला की मिनिटाभरात चाक बसतं, ट्यूबलेसमध्ये तो काटा स्वतःच भोक धरून ठेवतो आणि हवा हळूहळू जाते. तुम्हाला पंक्चरवाल्यापर्यंत पोचायला वेळ मिळतो. पंक्चरची स्ट्रिप फक्त मधल्या जाड भागातच लावायची, बाजूला फाटलं असेल तर तो टायर संपला. स्पोकचं चाक असेल तर ट्यूब लागणारच, आणि नव्या टायरात नवीच ट्यूब घाला. जुनी ट्यूब ताणून मोठी झालेली असते, आत घडी पडते आणि घडीवरच फुटते.

हवेबद्दल थोडक्यात. १००-१२५ सीसीला पुढे साधारण २५ आणि मागे एकट्याला २८-२९ असते, डबलसीटला त्याहून जास्त. नेमका आकडा गाडीवरच्या स्टिकरवर किंवा पुस्तकात आहे. हवा थंड टायरात बघायची, दहा किलोमीटर चालवल्यावर गेज दोन-तीन आकडे जास्तच दाखवतो. अंगठ्याने दाबून हवा कळत नाही, दोन-तीनशे रुपयांचा गेज डिकीत ठेवा. कमी हवेने दोन्ही कडा झिजतात, जास्त हवेने मधला पट्टा. पुढच्या टायरावर लाटांसारखे खड्डे पडत असतील तर दोष टायरचा नाही, हँडलचा कोनसेट, चाकाचं बेअरिंग किंवा शॉकॲब्सॉर्बर बघा, नाहीतर नवाही तसाच होईल. टीडब्ल्यूआय लिहिलंय तिथल्या खाचेतला उंचवटा नक्षीच्या बरोबरीला आला की टायर बदलायचा. दुचाकीला कायद्याने किमान ०.८ मिलिमीटर खोली लागते, पण पावसाळ्यात तेवढ्यावर राहणं मला पटत नाही. दीड मिलिमीटरला बदला.

टायर बसवताना शेजारी उभे राहा. बाजूवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेला हवा, हे बघायला दोन सेकंद लागतात आणि उलटा बसला तर सगळं परत उघडावं लागतं. टायरच्या रिमवर बसणाऱ्या कडेला साबणाचं पाणी लावायला सांगा, कोरडा टायर टॉमीने (लोखंडी पट्टीने) ओढला की कडेतली तार दुखावते. हवा भरल्यावर रिमजवळची बारीक रेघ दोन्ही बाजूंनी सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एका ठिकाणी आत गेलेली असेल तर हवा सोडून परत बसवा, नाहीतर चाक ठुमकत चालतं. पिवळा ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हपाशी. मागचं चाक परत लावताना चेन ॲडजस्टरच्या खुणा दोन्ही बाजूंना सारख्या आहेत ना, ब्रेक रॉडचा नट आणि एक्सलची पिन बसली ना, ते बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

नव्या टायरावर साच्यातून निघतानाचा गुळगुळीत थर असतो. पहिले १००-१५० किलोमीटर तो पूर्ण धरत नाही, त्यामुळे तेवढे दिवस जोरात ब्रेक नाही आणि गाडी झुकवणं नाही. म्हणून टायर जूनच्या पहिल्या सरीनंतर बदलू नका, मेच्या मध्यात बदला, म्हणजे तो थर कोरड्या रस्त्यावर निघून जातो. आणि बसवल्यानंतर दोन-तीन दिवसांनी हवा आणि एक्सलचा नट पुन्हा एकदा तपासून घ्या.