पॅरासिटामॉलवर अमेरिकेत बंदी? आधी लेबल वाचा

फॅमिली ग्रुपवर तोच फॉरवर्ड पुन्हा आलाय: ‘पॅरासिटामॉलवर अमेरिकेत बंदी आहे. तिथे लोक अ‍ॅसिटामिनोफेन हे सुरक्षित औषध घेतात. आपल्याकडे कंपन्या नावं बदलून विष विकतात.’

बंदी नाही. ‘पॅरासिटामॉल द्या’ म्हटल्यावर तिथला दुकानदार गोंधळेल, एवढंच खरं. माल त्याच्याकडे आहे, तोही चिठ्ठीशिवाय. टायलेनॉल हा ब्रँड तिथे 1955 पासून विकला जातो, आणि त्याची ‘एक्स्ट्रा स्ट्रेंग्थ’ गोळी आपल्या साध्या क्रोसिनइतकीच, 500 मिलिग्रॅमची.

दुसरा दावा तर फॉरवर्डचीच विकेट काढतो. अ‍ॅसिटामिनोफेन म्हणजेच पॅरासिटामॉल! रासायनिक नाव एन-अ‍ॅसिटाइल-पॅरा-अमिनोफेनॉल. ब्रिटिशांनी त्यातले काही तुकडे जोडून पॅरासिटामॉल केलं, अमेरिकनांनी दुसरे जोडून अ‍ॅसिटामिनोफेन. टायलेनॉलही त्याच नावातून कापलेलं. जागतिक आरोग्य संघटनेने पॅरासिटामॉल हे नाव धरलं, आपणही तेच वापरतो. अमेरिकेत मात्र औषधांची नावं ठरवणारी वेगळी समिती आहे. म्हणून दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल तिकडे अल्ब्युटेरॉल होतं. अ‍ॅड्रेनलिनचं कारण आणखी मजेदार: जवळपास तेच नाव पार्क-डेव्हिस कंपनीने ट्रेडमार्क करून ठेवलेलं, त्यामुळे तिथे औषध झालं एपिनेफ्रिन.

नावं बदलून विकतात, हे अर्धवट खरं. क्रोसिन, कॅलपॉल, डोलो ही कंपन्यांनी ठेवलेली नावं. पण पाकीट उलटसुलट करून बघा, पॅरासिटामॉल छापलेलं असतंच.

राहिलं ‘विष’. जास्त डोस घेतला तर यकृत निकामी होऊ शकतं, यात वाद नाही. 2011 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने चिठ्ठीवर मिळणाऱ्या मिश्र गोळ्यांत हे औषध 325 मिलिग्रॅमपेक्षा जास्त घालू नका असं कंपन्यांना सांगितलं. माझा अंदाज, ‘बंदी’ची अफवा इथूनच फुगली असावी. नुसत्या पॅरासिटामॉलच्या गोळीला ती मर्यादा नव्हतीच.

आता विचार करा: लेकाकडे अमेरिकेला गेलेली आई तापासाठी बॅगेतली डोलो 650 घेते, सर्दीसाठी त्याच्या कपाटातलं डेक्विल, झोपताना नायक्विल. तिन्हींत तेच औषध. दोन डब्यांवर अ‍ॅसिटामिनोफेन लिहिलंय, म्हणून ती निर्धास्त असते. ही दोन वेगळी औषधं आहेत, असं तिला फॉरवर्डनेच सांगितलंय ना.