सिल्लारीच्या रात्रीवरून मिळालेल्या १ स्टारला आमचं उत्तर

नमस्कार सर,

आधी माफी मागतो. तुमच्या गाडीत बॅटरी मॉनिटर, म्हणजे बॅटरीत किती चार्ज उरला ते दाखवणारा काटा, आम्ही बसवला. पेंचजवळच्या सिल्लारीला रात्री दोन वाजता गाडीत अंधार झाला, सकाळी सेल्फ लागला नाही, सफारी हुकली आणि सोबत आईवडील होते, हे वाचून वाईट वाटलं. तुम्ही फोन केला तेव्हा आमचा मुलगा "तुम्हीच काहीतरी केलं असेल" असं बोलून गेला. गिऱ्हाइकाशी असं बोलत नाहीत, ते चुकलंच. गाडी द्यायला एक दिवस उशीर झाला, तेही कबूल.

पण तुम्ही पुढे लिहिलंय, "मॉनिटर ९१ टक्के दाखवत होता आणि बॅटरी रिकामी, १४,५०० घेऊन खोटा काटा लावून दिला." बाकी सगळं ऐकून घेतो सर, 'खोटा काटा' तेवढा पचत नाही. रिव्ह्यू पडल्यापासून दोन जणांनी ठरलेली कामं पुढे ढकलली आहेत, आणि मे महिन्यावर आमचं अर्धं वर्ष निघतं. म्हणून जरा लांबण लावतो.

तुमची मागची बॅटरी, म्हणजे दिवे-पंखा चालवणारी, १०० एएचची (अँपिअर-तास, १०० अँपिअर एक तास पुरतील एवढी) लिथियम फॉस्फेट आहे. हिच्यात व्होल्ट बघून चार्ज कळत नाही. ९० टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर आली तरी व्होल्ट जेमतेम ०.३-०.४ ने उतरतात. लेड ॲसिडचं तसं नसतं. ती चार-पाच तास शांत ठेवली की १२.७ म्हणजे फुल, १२.२ म्हणजे अर्धी, असा ढोबळ अंदाज येतो. लिथियमला म्हणूनच निगेटिव्हवर शंट, म्हणजे करंट मोजायचा छोटासा रेझिस्टर, लावावा लागतो. आपला शंट ५०० अँपिअर, ५० मिलिव्होल्टचा आहे. त्यातून १०० अँपिअर गेले की त्याच्यावर १० मिलिव्होल्ट पडतात, मॉनिटर तेवढेच मोजतो आणि किती आले, किती गेले याची वही लिहितो. जे शंटमधून गेलंच नाही, ते वहीत येणार कुठून? पाण्याच्या मीटरच्या अलीकडून नळ काढला तर मीटर फिरत नाही, तसंच.

आता तुम्हीच टाकलेला तिसरा फोटो मोठा करून बघा. बॅटरीच्या निगेटिव्हवर आमची जाड काळी केबल आहे, ३५ स्क्वेअर एमएमची, हीटश्रिंक चढवलेली, ती शंटला जाते. त्याच बोल्टवर, आमच्या लगच्या (केबलच्या टोकाच्या कडीच्या) वर, दुसरी बारीक काळी वायर दिसते. तिचा लग तिरका बसलाय, खाली वॉशर नाही. ती इन्व्हर्टरची आहे. आम्ही गाडी दिली तेव्हा गाडीत इन्व्हर्टर नव्हता. तो नंतर कुठे बसवला ते मी विचारत नाही, पण बसवणाऱ्याने शंट ओलांडून थेट बॅटरीवर वायर टाकली. पॉझिटिव्हला फ्यूजही दिसत नाही. मला विचाराल तर अंधारापेक्षा ते जास्त धोक्याचं आहे. तो फ्यूज बसेपर्यंत इन्व्हर्टर बंदच ठेवा.

तुमच्याच रिव्ह्यूतून हिशेब काढला. इंडक्शनवर सकाळी २० आणि संध्याकाळी २५ मिनिटं स्वयंपाक झाला. १००० वॅट धरले तर इन्व्हर्टरची तूट जमेस धरून बॅटरीतून साधारण ८९ अँपिअर जातात, म्हणजे ४५ मिनिटांत ६७ एएच. इन्व्हर्टर दिवसभर नुसता चालू होता, तो रिकामा असतानाही ९-१० वॅट खातो, त्याचे २४ तासांत १८-१९. दिवे, छताचा पंखा आणि पाण्याचा पंप मिळून ९. बेरीज ९५ च्या आसपास. यातले फक्त शेवटचे ९ शंटमधून गेले. १०० मधून ९ वजा, मॉनिटरवर ९१. जे त्याच्या समोरून गेलं त्याचा हिशेब काट्याने बरोबर दिला. बाकीचं संपल्यावर बीएमएसने (बॅटरीला जपणाऱ्या आतल्या सर्किटने) बॅटरी वाचवायला पुरवठा तोडला. लिथियमचे दिवे आधी मंद होत नाहीत, एकदम जातात, ते म्हणून.

आणि एक. गाडी चालू असताना चार्जरचा करंट शंटमधूनच जातो. म्हणजे वहीत जमा दिसते, खर्च दिसत नाही. असं चाललं तर काटा कायम शंभराच्या आसपास राहील आणि बॅटरी कायम अर्धपोटी.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका, फ्यूज लागला की स्वतः बघा. इंजिन बंद करा, इंडक्शनवर पाणी ठेवा, मॉनिटर बघा. उणे ८० ते ९० अँपिअर दिसायला हवेत. उणे १-२ दिसले तर वायर चुकीच्या जागी आहे. क्लॅम्प मीटर (वायरभोवती अडकवून करंट मोजायचा) असेल तर इन्व्हर्टरच्या काळ्या वायरला लावून दोन्ही आकडे ताडून घ्या, फक्त मीटर डीसी मोजणारा हवा, साधा एसीवाला चालत नाही. मॉनिटरचं सेटिंगही तपासा: क्षमता १००, चार्ज्ड व्होल्टेज (बॅटरी भरली असं मॉनिटर ज्यावर धरतो ते) १४.२, टेल करंट ४ टक्के, एफिशियन्सी ९९, प्यूकर्ट १.०५. चार्ज्ड व्होल्टेज कोणी १३.२ वगैरे करून ठेवलं तर गाडी थोडी चालली की काटा उगाच १०० वर उडी मारतो.

सकाळी सेल्फ लागला नाही, ते वेगळं प्रकरण. मागची संपली म्हणून पुढची, म्हणजे इंजिन चालू करणारी स्टार्टर बॅटरी, संपत नाही. मधला डीसी-डीसी चार्जर (गाडी चालू असताना मागची भरणारा) उलटा करंट देत नाही. मॉनिटरची दुसरी वायर स्टार्टर बॅटरीचे फक्त व्होल्ट दाखवते, आणि उभ्या गाडीत १२.५ दाखवणारी बॅटरीही लोड आला की बसते. खरी परीक्षा सेल्फ मारताना. तेव्हा ९.६ च्या खाली गेली तर तिचे दिवस भरले. तुमची ८.९ वर गेली होती, जॉब कार्डवर लिहिलेलं आहे. त्यात डॅशकॅम पार्किंग मोडवर. पाव अँपिअर म्हटलं तरी दोन दिवसांत १२ एएच. नागपूरच्या उन्हात बॉनेटखाली चार वर्षं काढलेल्या बॅटरीला तेवढं पुरे होतं. मात्र कार्डावर ते मागच्या बाजूला आणि इंग्रजीत लिहिलं होतं. तोंडी सांगितलं का, मुलगा हो म्हणतो, मी तेव्हा समोर नव्हतो. इथे आमची बाजू लंगडी आहे.

१४,५०० मध्ये मॉनिटर, शंट, तांब्याची केबल, मेन फ्यूज आणि मजुरी आलं. बिल तुमच्याकडे आहे.

यापुढे निगेटिव्हवर 'इथे काही जोडू नये' असं लेबल किंवा झाकण लावायचं बघतो. गाडी देताना समजावून सांगायचंही काहीतरी पक्कं करू.

गाडी वाडीला घेऊन या. वायर शंटच्या लोड बाजूला (बॅटरीकडे नाही, दुसऱ्या टोकाला) घेऊन फ्यूज टाकायला अर्धा तास, मजुरी नको, फ्यूजचे तेवढे द्या. मग बॅटरी एकदा पूर्ण चार्ज करावी लागेल, त्याशिवाय काटा जाग्यावर येत नाही. अकराच्या आत येऊ नका, अमरावती रोडला ट्रक लागलेले असतात. स्टार वाढवा असं म्हणत नाही. अँपिअर बरोबर दिसले, तर 'खोटा' तेवढा शब्द काढा.

— मालक, वाडी, नागपूर