भाडं मारता का?

राजूरपर्यंत एक गोऱ्हा पोचवायचे आठशे रुपये जवळजवळ ठरले होते. व्यवहार मोडला, पण तो मी मोडला नाही, त्या म्हाताऱ्याने मोडला. गाडीभोवती फेरी मारून, हौद्यात डोकं घालून, वरचा तंबू काठीने ठोकून बघून तो म्हणाला, "नको. कामाची न्हाई ही गाडी." पंचवीस लाखांच्या वर गेलेल्या गाडीबद्दल हे ऐकून मी गप्प बसलो. ते गप्प बसणं अजून पोटात डुचमळतंय.

गाडी म्हणजे पिकअप. आपल्याकडे खाजगी पाटीवर मिळणारे डबल-केबिन पिकअप मोजकेच. इसुझूचा व्ही-क्रॉस 2016 साली आला, टोयोटाचा हायलक्स 2022 मध्ये. यातलाच एक माझ्याकडे आहे. लांबी सव्वासतरा फुटांच्या वर, त्यामुळे पुण्यात तो चालवण्यापेक्षा माफी मागत पुढे सरकवावा लागतो. पिकअप घेतलेल्या माणसाला पुढचं पाऊल म्हणून छतावरचा तंबू घ्यावाच लागतो, असा एक अलिखित नियम आहे. मी तो पाळला.

तंबू विकणाऱ्या मुलाने मला आधी चहा दिला आणि मग दोन तास दिले. पहिला प्रश्न, मऊ की कडक? मऊ म्हणजे घडीचा. वरचं आवरण काढायचं, शिडी धरून ओढायचं, की अर्धा तंबू गाडीबाहेर उलगडतो आणि शिडीच्या आधाराने तरंगत राहतो. जागा ऐसपैस, किंमत कमी. पण सकाळी ते ओलं कापड परत आवरणात कोंबताना नवरा-बायको एकमेकांची माहेरं काढतात. कडक म्हणजे फायबरची किंवा अॅल्युमिनियमची पेटी. खटके सोडले की गॅसच्या दांड्या झाकण वर ढकलतात आणि मिनिटभरात गादीसकट खोली तयार. आत जागा कमी, किंमत भलतीच. संसार टिकावा म्हणून मी कडक घेतला.

मग वजनाचं गणित. गाडी पळत असताना छतावर साधारण पन्नास ते पंचाहत्तर किलोच चालतं, आणि तीच गाडी उभी असली की त्याच्या कितीतरी पट. तंबू स्वतःच साठ-सत्तर किलोचा. मी विचारलं, "म्हणजे धावत्या गाडीत वर झोपता येणार नाही?" मुलाने माझ्याकडे बघून चहाचा कप उचलून नेला.

केबिनच्या छतावर लांब पेटी नीट बसेना, म्हणून हौद्यावर लोखंडी सांगाडा आणि त्या सांगाड्यावर तंबू, असा तोडगा निघाला. सांगाडा ठेंगणा, कारण आमच्या सोसायटीच्या पार्किंगच्या तोंडाशी एक आडवा लोखंडी बार आहे. म्हणजे हौद्यात वाकून हात घालता येतो, उभं काहीच ठेवता येत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीत मनमानी फेरफार करू देत नाही हे मी ऐकून होतो. मुलगा म्हणाला, "सर, वेल्डिंग कुठेय? बोल्ट आहेत. हे सामान आहे." त्याच्याकडे सगळ्याला उत्तर होतं. इटलीतली मॅजिओलिना नावाची पेटी 1958 पासून लोक छतावर घेऊन फिरतायत म्हणाला. पूर्व जर्मनीत तर ट्रॅबंट नावाच्या छोट्याशा मोटारीवर तंबू लावायचे, आणि ट्रॅबंटला ताकद किती, तर सव्वीस अश्वशक्ती. आफ्रिकेत सिंहामुळे वर झोपतात, ऑस्ट्रेलियात सापांमुळे.

"आणि आपल्याकडे?"

"बिबट्या आहे ना सर."

बिबट्या शिकार तोंडात धरून झाडावर चढतो, हे जुन्नरकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. सात फुटांच्या शिडीपाशी येऊन तो माघारी वळेल, अशी या मुलाची अपेक्षा होती. तरीही मी पैसे भरले.

डिसेंबरात भंडारदऱ्याला गेलो. धरणाच्या मागच्या अंगाला, पाण्यालगत, एका शेतमालकाने तंबूंसाठी जागा करून दिली आहे. रात्रीबद्दल फार सांगत नाही. थंडी कळसूबाईवरून थेट आमच्याकडेच आली होती. बंद पेटीत दोन माणसांचा श्वास रात्रभर झाकणाला चिकटतो आणि पहाटे थेंब होऊन नाकावर पडतो, हे त्या मुलाने चहासोबत सांगितलं नव्हतं. रात्री लघवीला उतरणं हा तर पूर्ण मुक्कामासाठी सार्वजनिक कार्यक्रम असतो. कपाळावर बॅटरी, पायाखाली गोठलेली अॅल्युमिनियमची पायरी, आणि वरून बायकोचं "सांभाळून!" शेजारच्या तंबूतूनही कुणीतरी "सांभाळून" म्हणालं.

पहाटे तंबू हलायला लागला. आधी हळू, मग लयीत.

बायकोने माझा दंड धरला. "बिबट्या."

मी चेन दोन बोटं उघडली. खाली एक गोऱ्हा शिडीला मान घासत होता. पांढऱ्यावर काळे ठिपके, रुंद कपाळ. त्याचा कासरा धरून घोंगडी पांघरलेले एक बाबा उभे होते. ते माझ्याकडे बघत नव्हते, टायरकडे बघत होते.

"भाडं मारता का?" त्यांनी टायरलाच विचारलं.

"काय?"

मग त्यांनी वर पाहिलं. गाडीच्या डोक्यावरच्या पेटीतून एक माणूस माकडटोपी घालून बोलतोय, याचं त्यांना काडीचंही नवल वाटलं नाही. एवढे पैसे खर्चून माणसाने वर झोपावं आणि बघणाऱ्याने भुवईसुद्धा उचलू नये, हे मला पहिलं लागलं.

"राजूरला. जनावरांचं परदर्शन हाय न्हवं? ह्याला न्यायचाय. पिकअपवाला सांगून ठेवला व्हता, त्यो आलाच न्हाई. पाचशे देतो."

"बाबा, ही भाड्याची गाडी नाही."

"बरं, सहाशे."

"पैशाचं नाही हो. ही पांढरी पाटी आहे. खाजगी."

"मग तर ब्येस. कुणी अडवायचं न्हाई. घरचा गोऱ्हा म्हणायचं."

"कुणाच्या घरचा?"

"तुमच्याच म्हणा. आपलं काय जातंय?"

बायकोने माझ्या खांद्यावरून डोकं बाहेर काढलं. "काका, राजूर किती लांब इथून?"

"ह्ये काय, वाटंवरच."

"आपल्या वाटेवरच आहे," ती मला म्हणाली. ही बाई सोसायटीतल्या कुणाला स्टेशनपर्यंत सोडायचं म्हटलं तर डिझेलचा हिशेब काढते.

बाबांनी काठीने तंबूच्या बुडावर दोनदा ठोकलं. "ह्ये काय हाय?"

"तंबू. झोपायला."

"खाली जागा नव्हती?"

समोर धरणापर्यंत मोकळं माळरान पसरलं होतं. मी म्हणालो, "खाली ओल असते. साप, विंचू."

बाबांनी आपल्या पायांकडे पाहिलं. वहाणांतून बोटं बाहेर आलेली होती. "ह्या थंडीत कुठला साप?"

"पावसाळ्यात तरी उपयोग होईल. वॉटरप्रूफ आहे." कापड तीन हजार मिलिमीटर पाण्याचा दाब झेलतं, हा आकडाही मी सांगितला. तो का सांगितला, कुणास ठाऊक. तेवढ्यात आतून एक थेंब माझ्या मानेवर पडला.

"उतरा खाली," बाबा म्हणाले. मी उतरलो. त्यांनी माझा हात धरून गोऱ्ह्याच्या पाठीवर ठेवला. "कसं लागतंय?"

"तेलकट."

"डांगी जातीचा हाय. कातड्याला त्याल सुटतं. चार म्हैने पावसात हुबा ऱ्हातो, भिजत न्हाई. ह्याला नाय घ्यावं लागलं कुठून." मग तंबूकडे बघून, "केवढ्याला पडलं?"

मी खरी किंमत निम्मी करून सांगितली. बाबांनी गोऱ्ह्याकडे बघितलं. दोघांत काहीतरी बोलणं झालं असावं.

"सातशे," ते म्हणाले. माझी दया येऊन त्यांनी शंभर वाढवले, असा मला दाट संशय आहे.

वरून बायको कुजबुजली, "आठशे म्हण." आणि माझ्या तोंडातून खणखणीत "आठशे" बाहेर पडलं.

आता बाबा व्यवहाराला लागले. हौद्याचा मागचा फळका उघडायला लावला. हौद्याची लांबी हाताने मोजली, साडेतीन हात सुद्धा भरेना. सांगाड्याखालून हात फिरवून उंची बघितली. "हा डबा उतरवा."

"बोल्टचा आहे. उतरत नाही."

"चार पोरं बोलावतो. उतरवून ठिवू. सांजंला परत चढवून देऊ."

"बाबा, आम्हाला पुण्याला जायचंय."

"मग गोऱ्हा हुबा कसा ऱ्हायचा? बसवून न्यायचा त्याला? मान खाली घालून? परदर्शनाला?" त्यांचा आवाज चढला होता. तो माझ्यावर नव्हता, अपमान गोऱ्ह्याचा होत होता. "बैल मावत न्हाई, मानूस वर झोपतो. मग ह्यात न्येता काय?"

हौद्यात काय होतं ते त्यांना दिसतच होतं. तरी मी मोजून दाखवलं. दोन घडीच्या खुर्च्या, गॅसची शेगडी, बर्फाची पेटी, आणि बायकोने आणलेली दिव्यांची माळ.

"खुर्च्या," बाबा गोऱ्ह्याला म्हणाले.

त्यानंतर ते सुरुवातीला सांगितलेलं वाक्य आलं, "नको. कामाची न्हाई ही गाडी." पुढे घासाघीस नाही, रागही नाही. फळका त्यांनी स्वतःच नीट लावून दिला. थोड्या वेळाने वाटेवरून एक पिकअप धडधडत आला, पुढची काच तडकलेली, आत भक्तिगीत लावलेलं. चालकाने गाडी बांधाला पाठ लावून उभी केली आणि गोऱ्हा स्वतःच पाय टाकून आत चढला. भाडं सहाशे ठरल्याचं मला स्पष्ट ऐकू आलं. जाताना त्या चालकाने माझ्या गाडीकडे एक नजर टाकली. आजारी माणसाला भेटून निघताना टाकतात, तशी.

बाबांना कामाची वाटली नाही ती गाडी परतीच्या टोलनाक्यावर मात्र एकदम मालवाहू ठरली. खिडकीतला मुलगा म्हणाला, "मागे हौदा आहे ना? एलसीव्ही." मोटारीचा टोल वेगळा, हलक्या मालवाहूचा वेगळा, आणि दुसरा पहिल्याच्या दीडपटीहून जास्त. मी नोंदणीचं पुस्तक दाखवलं. त्यात मोटार लिहिलंय. तो म्हणाला, "पुस्तकात काहीही असू द्या, डोळ्याला टेम्पो दिसतोय." मागे ट्रकचे भोंगे. आता विचार करा, सरकारने कर घेताना मोटारीचा घेतला, विमा मोटारीचा भरला, आणि डोळ्याला दिसतंय म्हणून टोल टेम्पोचा. तक्रारीसाठी नंबर आहे, तो लागतोही. लागल्यावर दुसरा नंबर देतात. हे विनोदी नाही, मी हसून घेतोय एवढंच. हौद्यात दोन खुर्च्या नेणाऱ्या माणसाकडून मालवाहतुकीचे पैसे घेण्याचा अधिकार कुणाला असेलच, तर तो त्या बाबांना आहे. त्यांनी निदान हौदा मोजून बघितला होता.

पण खरा ताप घरी आल्यावर. ओला तंबू बंद ठेवला की दोन दिवसांत काळे ठिपके पडतात, गादीला कुबट वास सुटतो. त्यामुळे आल्या आल्या उघडून वाळवायला हवा. साठ-सत्तर किलोची पेटी उतरवून गॅलरीत नेता येत नाही. गच्चीवर तर नाहीच नाही, तिथे पाण्याच्या टाक्या आणि जोशीकाकूंच्या सांडग्यांना अग्रहक्क. राहिलं पार्किंग. बाराच्या सुमाराला तिथे तासभर ऊन येतं, तेवढ्यात तंबू उघडून, शिडी लावून, खिडक्या वर करून ठेवला. बायकोने पांघरुणं काढून शिडीवर टाकली. एक उशी बोनेटवर.

संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर सेक्रेटरींचा मजकूर आला. पार्किंगच्या जागेत निवासी बांधकाम करता येत नाही, तरी संबंधितांनी ते तात्काळ हटवावं. आणि वरच्या मजल्यावर कुणी भाडेकरू ठेवला असल्यास त्याची पोलीस पडताळणी करून फॉर्मची प्रत कार्यालयात जमा करावी.