मालीशने गादी जागेवर बसत नाही हो!

फॅमिली ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. कंबर दुखते म्हणजे मणक्यातली गादी (डिस्क) सरकलेली असते, जाणकाराकडून जोर लावून मालीश करून घ्या म्हणजे ती जागेवर बसते, मग सात दिवस कडक फळीवर पडून राहा, पट्टा सोडू नका आणि व्यायामाचं नावही काढू नका. तर एकेक मुद्दा घेऊ.

आधी गादी. ती मणक्यांमध्ये सुटी ठेवलेली नसतेच, दोन्ही बाजूंनी घट्ट चिकटलेली असते, फुगते किंवा फाटते पण इकडची तिकडे सरकत नाही, त्यामुळे वरून अंगठा दाबून आत ढकलायचा प्रश्नच येत नाही. आणि फुगलेली दिसली म्हणजे दुखणं तिचंच असंही नाही. १९९४ मध्ये अमेरिकेत कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ लोकांचे एमआरआय काढले तर निम्म्याहून जास्त लोकांची गादी फुगलेली निघाली!

मग मालीशने बरं का वाटतं? वाटतंच, खोटं नाही ते. आखडलेले स्नायू सैल होतात, झोप लागते. सिएटलमध्ये ४०० लोकांवर अभ्यास झाला, २०११ मध्ये छापून आला, दहा आठवडे मालीश घेणाऱ्यांना खरंच फरक पडला, पण वर्षभरात तो जवळपास विरला. आणि गंमत म्हणजे साधी आरामाची मालीश आणि स्पेशल टेक्निकवाली मालीश, दोन्हींचा फायदा सारखाच. म्हणजे घरच्या कोणी कोमट तेल लावून हलक्या हाताने चोळलं तरी चालतंय, फक्त मणक्याच्या हाडावर जोर नको आणि पाठीवर कुणाला उभं करणं तर नकोच (पायाळू माणसाची लाथ खाणारेही आहेत आपल्याकडे, त्यांना कोपरापासून नमस्कार).

सात दिवस झोपून राहायचं? १९८६ मध्येच तपासलंय हे, दोन दिवस आराम सांगितलेले लोक सात दिवसवाल्यांपेक्षा लवकर कामावर गेले आणि दुखण्यात फरक काही नाही. फळीचंही तेच, स्पेनमधल्या अभ्यासात झोपायच्या कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादी बरी ठरली. पट्ट्याबद्दल एवढंच की जुनाट कंबरदुखीला तो सरसकट वापरू नका असं डब्ल्यूएचओने २०२३ मध्ये सांगितलंय.

आता व्यायाम. इथे मेसेजमध्ये थोडं तथ्य आहे, नुकतीच चमक भरलीय तेव्हा जोर-बैठका काढायच्या नाहीत, घरातल्या घरात हिंडायचं, झेपतील ती कामं करायची. पण ठणका कमी झाला की कंबरेच्या स्नायूंना काम द्यायलाच लागतं, कारण मणक्यालगतचे खोल स्नायू दुखणं थांबलं म्हणून आपोआप पूर्वीसारखे होतीलच असं नाही. कॅनडाचे मणक्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल तीन व्यायाम सांगतात: उताणं झोपून एक गुडघा वाकवून, कंबरेखाली हात ठेवून डोकं-खांदे जरासे उचलणं, कुशीवर कोपर टेकून कंबर उचलून धरणं म्हणजे साइड प्लँक (सुरुवातीला गुडघे टेकून), आणि रांगायच्या पोझिशनमध्ये उजवा हात-डावा पाय सरळ ताणणं, मग उलट. दर वेळी आठ-दहा सेकंद धरायचं, श्वास कोंडायचा नाही. सोबत चालणं, ऑस्ट्रेलियातल्या २०२४ च्या अभ्यासात ज्यांना चालायचा प्रोग्राम दिला त्यांची कंबर परत धरायला साधारण २०८ दिवस गेले, बाकीच्यांची ११२ दिवसांतच. व्यायाम करताना कळ पायात उतरायला लागली तर तिथेच थांबा, फिजिओला दाखवा.

आणि लघवी-संडासवरचा ताबा जातोय, जांघेत बधिरपणा आलाय, पायातला जोर कमी होतोय, ताप आहे किंवा वयस्कर माणूस पडल्यावर दुखतंय, तर तेलाची बाटली बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.