चमकणारे जिवाणू नदीत ओतायचे नसतात

‘चमकणारे जिवाणू नदीत सोडा. जिथे विष असेल तिथे पाणी उजळेल, डोळ्यांनी दिसतं. नाही उजळलं तर बिनधास्त प्या.’ हा मजकूर मोबाइलवरून फिरतोय. यावर विसंबून कुणी पाणी प्यायलं तर जिवावर बेतेल.

‘विष असेल तिथे उजळेल’: नेमकं उलट. पाण्यातलं विष तपासायच्या चाचणीत वापरतात तो ॲलिव्हिब्रिओ फिशरी हा जिवाणू धडधाकट असतो तोवर चमकतो. विषाने त्याचा श्वसनव्यवहार बिघडला की उजेड मंदावतो, आणि मोजायची असते ती ही घट. पारा किंवा आर्सेनिक लागल्यावर उजळणारे, जनुक बदललेले जिवाणूही आहेत. पण ते ठरावीक विषालाच दाद देतात, आणि तेही नदीत सोडायचे नसतात.

‘नदीत सोडा’: हा समुद्रातला जीव, गोड्या पाण्यात तग धरत नाही. म्हणून नमुन्यातच 2 टक्के मीठ घालतात, म्हणजे 100 मिलिलिटरला 2 ग्रॅम. मीठ घालायचं राहून गेलं तर स्वच्छ पाणीही विषारी ठरतं.

‘डोळ्यांनी दिसतं’: आयएसओ 11348 ही या चाचणीची आंतरराष्ट्रीय प्रमाण पद्धत प्रकाशमापकाची, म्हणजे उजेड मोजणाऱ्या यंत्राची आहे. काचेच्या बाटलीत गच्च भरलेला नमुना 2 ते 5 अंशांवर ठेवून 48 तासांत तपासायचा. चाचणी करतानाचं तापमान 15 अंश. अर्धा मिलिलिटर जिवाणूंचा आधी उजेड मोजून त्यात अर्धा मिलिलिटर नमुना घालायचा. तुलनेसाठी शेजारी जिवाणू आणि नुसतं मिठाचं पाणी असलेली जोडनळी हवीच. समजा दोन्हींच्या उजेडाची सुरुवात 1000 वर झाली. 30 मिनिटांनी जोडनळी 900 वर आणि नमुना 450 वर आला, तर घट 50 टक्के, 55 नव्हे, कारण तुलना 1000 शी नाही, जोडनळीच्या 900 शी करायची. घाईत चूक होते ती इथेच. दुसरी चूक 5 मिनिटांत उरकण्याची: फिनॉलसारखं रसायन तेवढ्यात कळतं, पण जस्त आणि क्रोमियम सावकाश भिनतात. गॅल्व्हनायझिंगच्या (लोखंडावर जस्ताचा थर चढवण्याच्या) सांडपाण्याला पूर्ण 30 मिनिटं द्या. गढूळ किंवा रंगीत पाणी स्वतःच उजेड अडवतं. गाळ बसू द्या, रंगाची दुरुस्ती करा. क्लोरीन उरलं असेल तर जिवाणू त्यानेच मरतात.

‘बिनधास्त प्या’: मुळीच नाही. कॉलरा-काविळीचे जंतू या चाचणीत दिसत नाहीत. मज्जासंस्थेवर मारा करणारी काही कीटकनाशकं निसटतात. मैलापाण्यातल्या पोषकांमुळे तर उजेड कधीकधी वाढतोसुद्धा. घट दिसली की कोणतं विष ते रासायनिक तपासणीने शोधायचं. घट दिसली नाही, तरी पाणी पिऊ नका.