अर्ज अडतो म्हणून ब्लॉकर काढून टाकू नका

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ब्राउझरमध्ये अ‍ॅड-ब्लॉकर असला की सेवा सिंधू, नाडकचेरी, भूमी अशा कर्नाटक सरकारच्या साइटवरचे अर्ज पुढे सरकत नाहीत, भरलेले पैसे अडकतात, म्हणून ब्लॉकर कायमचा काढा, गुप्तता हवी असेल तर इन्कॉग्निटो (ब्राउझरची खासगी खिडकी) पुरे. यातली पहिली गोष्ट अर्धी खरी आहे. बाकीच्या सल्ल्याने नुकसानच होईल.

पहिला मुद्दा, ब्लॉकर अर्ज अडवतो. ब्लॉकरकडे जाहिरातींच्या आणि माग काढणाऱ्या पत्त्यांच्या याद्या असतात. साइटचा स्वतःचा अर्ज त्यात नसतो. अडतं ते पानात बाहेरून येणारं काहीतरी: कॅप्चा (समोर माणूसच आहे याची खात्री करणारी चौकट), पैसे भरायची चौकट, नव्या खिडकीत उघडणारी पावती. गूगलचा कॅप्चा गूगल आणि जीस्टॅटिक या पत्त्यांवरून येतो. नेहमीच्या याद्या त्याला हात लावत नाहीत, पण कुणी ‘गूगलचं सगळं बंद’ असा नियम घातला असेल तर कॅप्चा दिसतच नाही आणि सबमिट दाबून काही होत नाही.

उपाय एका साइटपुरता करायचा. यूब्लॉक ओरिजिन हा ब्लॉकर असेल तर त्याच्या चिन्हावर क्लिक करा, पॉवरचं मोठं बटण बंद करा, पान रिलोड करा. फायरफॉक्सचं स्वतःचं संरक्षण पत्त्याच्या डावीकडच्या ढालीतून त्या साइटपुरतं बंद होतं. ब्रेव्ह ब्राउझरमध्ये सिंहाच्या चिन्हातून. हे अर्ज भरायच्या आधी करा, कारण रिलोड झालं की भरलेले रकाने बहुधा पुसले जातात. आणखी एक खोच आहे. हे बटण वरच्या पट्टीतल्या पत्त्यापुरतंच लागू होतं. अर्जाच्या साइटवर ब्लॉकर थांबवला आणि पैसे भरताना पान बँकेच्या पत्त्यावर गेलं, की तिथे तो पुन्हा चालू असतो. ‘ब्लॉकर बंद करूनही अडलं’ अशा तक्रारींमागे पुष्कळदा एवढंच असतं.

आपल्या भागात मात्र ब्लॉकरच्या नावावर भलत्याच गोष्टीचं खापर फुटतं. पान कन्नडमध्ये उघडलं की आपण क्रोमला ते मराठीत करायला सांगतो. क्रोम त्यासाठी पानातला मजकूर काढून त्या जागी नवे तुकडे बसवतो. पान रिअ‍ॅक्टसारख्या पद्धतीने बांधलेलं असेल तर पुढच्या क्लिकला त्याला आपलेच जुने तुकडे सापडत नाहीत आणि पान पांढरं पडतं. तालुक्याच्या यादीत पर्यायांना वेगळा आतला संकेत दिलेला नसेल, तर सर्व्हरकडे मराठीत झालेलं नावच जातं आणि अर्ज ‘चुकीची माहिती’ म्हणून परत येतो. शिवाय भाषांतरासाठी पानावरचा मजकूर गूगलच्या सर्व्हरकडे जातो, म्हणजे गुप्ततेलाही धक्का बसतोच. साइटवर कन्नड-इंग्रजीचं बटण असेल तर ते वापरा. नसेल तर एका टॅबमध्ये मराठी करून वाचा आणि दुसऱ्या टॅबमध्ये मूळ पानावर भरा.

फोटोचंही तसंच. फायरफॉक्समध्ये ‘रेझिस्ट फिंगरप्रिंटिंग’ ही साइटना तुमचं यंत्र ओळखू न देणारी सेटिंग कुणीतरी चालू करून ठेवलेली असते. ती कॅनव्हासमधून, म्हणजे पानातल्या चित्र रेखाटायच्या जागेतून, वाचलेल्या चित्रात मुद्दाम खोटे आकडे मिसळते. अर्जाचं पान फोटो तिथेच कापून लहान करत असेल तर पासपोर्ट फोटोच्या जागी रंगीत पट्टे अपलोड होतात. वेळही भारताच्या साडेपाच तास मागे दिसते. अशा अर्जांसाठी ही सेटिंग बंद असलेलं वेगळं प्रोफाइल ठेवावं.

मोबाइलवर ब्लॉकर नसूनही पान अडत असेल तर नेटवर्क सेटिंगमधला ‘प्रायव्हेट डीएनएस’ पाहा. तिथे जाहिराती अडवणाऱ्या सेवेचा पत्ता असेल तर ब्राउझरमध्ये काहीही बदललं तरी फरक पडत नाही. तेवढ्यापुरतं ‘ऑटोमॅटिक’ करा.

पैसे अडकण्याबद्दल. पान गोठलं म्हणून पैसे नाहीसे होत नाहीत. रिफ्रेश करू नका, लगेच दुसऱ्यांदा भरूही नका. आधी बँकेचा एसएमएस आणि साइटवरची व्यवहाराची स्थिती पाहा. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या नियमानुसार, कार्डाने ऑनलाइन किंवा यूपीआयने दुकानदाराला दिलेली रक्कम खात्यातून गेली पण समोर पोचल्याची खात्री झाली नाही, तर ती ५ दिवसांत आपोआप परत यायला हवी. त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई.

‘ब्लॉकर काढा, ब्राउझर सांभाळून घेतो’ हेही सरसकट खरं नाही. सफारी मार्च २०२० पासून त्रयस्थ कुकीज, म्हणजे पानातल्या दुसऱ्याच साइटने ठेवलेल्या ओळखखुणा, पूर्ण अडवते. फायरफॉक्स २०२२ पासून प्रत्येक साइटच्या कुकीज वेगवेगळ्या बरणीत ठेवतो. क्रोमने मात्र त्रयस्थ कुकीज काढून टाकायचा बेत जुलै २०२४ मध्ये सोडला. त्यामुळे क्रोम वापरणाऱ्याला ब्लॉकरची गरज सगळ्यांत जास्त. तिथे जुना यूब्लॉक ओरिजिन आता चालत नाही, त्याचा हलका अवतार ‘लाइट’ चालतो. पूर्ण ताकदीचा हवा तर फायरफॉक्स घ्या. पण एकावर एक तीन ब्लॉकर चढवू नका. एकात सूट दिली तरी दुसरा अडवतो आणि दोष कुणाचा ते कळत नाही.

राहिलं इन्कॉग्निटो. ते फक्त त्या खिडकीतला इतिहास आणि कुकीज खिडकी बंद होताच कॉम्प्युटरवरून पुसतं. साइटला आणि इंटरनेट देणाऱ्या कंपनीला तुम्ही दिसताच. नेट सेंटरवर याहून मोठा धोका आहे: इन्कॉग्निटोत उतरवलेली फाइल डाउनलोड्समध्ये तशीच राहते. ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे इंग्रजी नावाची पहिली ४ मोठी अक्षरं आणि जन्मसाल. सोबत दाखल्याची प्रत पडलेली असेल तर कुणालाही तो जुळवता येतो. उठण्याआधी फाइल शिफ्ट-डिलीटने काढा, आणि आधार उतरवताना शेवटचे ४ आकडेच दाखवणारं ‘मास्क्ड’ निवडा.